काकांची किल्ली

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे उन्हाळ्याचे दोन महिने वगळले तर तेथील पहाट अंगावर शाल ओढावयास लावणारीच असते. अशाच एका पहाटे पाच वाजता आम्ही चौघे मल्लेश्वरमच्या एका आडरस्त्यावर बंद मोटारीभोवती हताश होऊन उभे होतो. मोटार आमचीच, किल्ली आमच्या हातात, आणि तरीही दार उघडत नव्हते. आत मागच्या आसनावर, पांढऱ्या वस्त्रात बांधलेला, काकांच्या अस्थींचा कलश होता.

मल्लेश्वरम ही बंगळुरातील जुनी पेठ. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली. दाट वस्तीतील माणसांना मोकळ्या हवेत हलविणे भाग पडले आणि त्या निकडीतून उत्तरेस मल्लेश्वरम व दक्षिणेस बसवनगुडी अशा दोन आखीव वसाहती उभ्या राहिल्या. लांब सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे क्रमांकाचे आडरस्ते अशी येथील रचना आहे. संपिगे रस्ता म्हणजे चाफ्याचा रस्ता आणि मार्गोसा रस्ता म्हणजे कडुनिंबाचा. ज्या देवावरून पेठेला नाव मिळाले तो काडु मल्लेश्वर. कानडीत काडु म्हणजे अरण्य. हा रानातला महादेव. मराठी माणसाने या देवळाशी क्षणभर थबकावे असे एक कारण आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे १६६९ साली त्यांचे पुत्र एकोजी यांनी या देवस्थानास एक गाव इनाम दिले. त्याचा शिलालेख येथे आहे.

आमच्या काकांना या इतिहासाचा मोठा अभिमान होता. पस्तीस वर्षे त्यांनी बंगळुरातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. इतरांनी यंत्रे चालवावीत आणि त्या यंत्रांना लागणारी हत्यारे काकांनी घडवावीत, असे त्यांचे काम. निवृत्तीनंतरही मल्लेश्वरमचे लहानसे घर त्यांनी सोडले नव्हते. शेवटची दोन वर्षे मात्र प्रकृतीमुळे पुण्यास मुलाकडे राहावे लागले. जाताना आपली जुनी मोटारही ते बरोबर घेऊन गेले. पुण्यासच त्यांचे निधन झाले. "मला कावेरीत सोडा," एवढीच त्यांची इच्छा होती. काकूंनी ती मोडू दिली नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून, चुलतभाऊ, त्याची पत्नी, काकू आणि मी असे चौघे त्याच मोटारीतून निघालो. पुण्याहून बंगळूर सुमारे ८४० किलोमीटर. वाटेत एक मुक्काम करून आठव्या दिवशी सायंकाळी आम्ही मल्लेश्वरमला पोहोचलो. दहाव्या दिवसाचे विधी श्रीरंगपट्टणाजवळ पश्चिमवाहिनीच्या घाटावर करावयाचे होते. तेथील गुरुजींना सकाळी दहाची वेळ दिली होती.

स्मशानातून आणलेल्या अस्थी पुन्हा घरात नेत नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. पूर्वी त्या अंगणातील झाडाला टांगून ठेवीत. मल्लेश्वरमच्या त्या घरापुढचे अंगण केव्हाच रस्त्यात गेले होते. तेव्हा कलश मोटारीतच ठेवावा असे ठरले. दारे लावताना काकू म्हणाल्या, "अरे, त्यांना अंधारात नको ठेवायला. आतला दिवा असू दे." घरी माणूस गेलेल्या जागी दहा दिवस पणती तेवत ठेवतात, येथे पणतीच्या जागी छताचा छोटा दिवा. चुलतभावाने तो लावला आणि आम्ही घरात गेलो.

नवव्या दिवशी मोटार हलविण्याचे कारणच पडले नाही. विधीचे साहित्य पायी जाऊनच आणले. सुतक असल्यामुळे देवळात गेलो नाही; रस्त्यावरूनच नमस्कार केला. रात्री गॅलरीतून पाहिले तेव्हा मोटारीत दिवा तेवत होता. तो किंचित तांबूस दिसतो आहे, एवढेच मनात आले. त्याचा अर्थ तेव्हा कळला असता तर पुढचा प्रसंग टळला असता.

दहाव्या दिवशी पहाटे पाहतो तो आतला दिवा विझलेला. काकू काही बोलल्या नाहीत. पदर सावरून त्या काचेजवळ उभ्या राहिल्या. चुलतभावाने किल्लीच्या मुठीवरील बटण दाबले. एरवी दिवे मिचकावून ती मोटार 'आले' म्हणून सांगे. आज दिवे नाहीत, आवाज नाही, काही नाही. त्याने चार वेळा, दहा वेळा दाबले. मुठीतला नाण्याएवढा सेल संपला असेल, असे त्याला वाटले. पण तसे असते तर चोरापासून सावध करणारा तांबडा ठिपका काचेमागे मिचकावत राहिला असता. तोही विझला होता. दुखणे किल्लीचे नव्हते, मोटारीचेच होते.

हिशेब साधा आहे आणि तो मी पुढे सावकाश मांडून पाहिला. लहान मोटारीत सुमारे ३५ ॲम्पियर-तास क्षमतेची, १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते. छताचा दिवा १० वॅटचा धरला तर तो तासाला सुमारे ०.८ ॲम्पियर-तास वीज घेतो. आठव्या दिवसाच्या रात्री आठपासून दहाव्या दिवसाच्या पहाटे पाचपर्यंत ३३ तास होतात. म्हणजे सुमारे २७ ॲम्पियर-तास वीज त्या मिणमिणत्या दिव्याने पिऊन टाकली. नवी बॅटरी कदाचित कण्हत का होईना, उठली असती. आमची चार वर्षांची म्हातारी बॅटरी उठली नाही. पुष्कळशा नव्या मोटारी असा विसरलेला दिवा काही वेळाने आपण होऊन मालवतात. काकांच्या मोटारीला ते शहाणपण नव्हते.

एवढ्यावर भागले असते तर दुसऱ्या मोटारीची वीज उसनी घेऊन काम झाले असते. खरा पेच पुढे होता. दाराचे कुलूप विजेवर चालते. वीज बॅटरीत असते. बॅटरी पुढच्या झाकणाखाली, म्हणजे बॉनेटखाली असते. बॉनेट उघडण्याचा खटका चालकाच्या पायाशी, मोटारीच्या आत असतो. आणि आत जावयाचे तर दार उघडले पाहिजे! मागचे दारही विजेच्याच खटक्याचे. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहून जावी, तशी आमची गत झाली.

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. चुलतभाऊ नेसूचे धोतर सावरीत इकडून तिकडे फेऱ्या घालू लागला. दहा दिवसांचे जागरण, बापाचे दुःख आणि आता हे. शेवटी त्याने कुंपणाजवळचा एक दगड उचलला. "काच फोडतो. काचेचे काय, नवी बसविता येईल," तो म्हणाला.

काकू त्याच्या आणि मोटारीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "काच नको फोडूस. काचा त्यांच्या अंगावर पडतील." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि किल्ली आहे की."

"अगं आई, तीच तर चालत नाही!"

"ती नव्हे. तिच्या पोटातली. हे दर खंडेनवमीला काढीत असत ती."

आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहत राहिलो. काकूंना मोटार चालविता येत नाही. त्यांनी ती मुठीची किल्ली हातात घेतली, बाजूचा बारीक खटका नखाने सरकविला, आणि म्यानातून सुरी निघावी तशी एक चपटी पोलादी किल्ली त्या प्लॅस्टिकच्या पोटातून बाहेर आली. ती माझ्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "चालकाच्या दाराची मूठ बघ. तिच्या टोकाला टोपण आहे. त्याच्या खालून फट आहे, तिथे किल्लीचे टोक घाल."

बोटांनी चाचपले तेव्हा फट लागली. टोपण अलगद निघाले आणि त्याखाली कुलपाचे भोक दिसले. दहा वर्षांच्या त्या मोटारीला असे भोक आहे, हे तिच्यातून शेकडो कोस फिरलेल्या मला ठाऊक नव्हते. किल्ली घातली. मला वाटले होते, धुळीने आणि गंजाने ते कुलूप घट्ट झाले असेल. पण ते लोण्यासारखे फिरले. आत 'खट्' असा आवाज झाला आणि दार उघडले.

त्या क्षणी मला खंडेनवमीचा अर्थ समजला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा आपल्याकडेही होते; परंतु बंगळुरात आयुधपूजेचा थाट काही निराळाच. कारखान्यांतील यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, रिक्षा आणि बसगाड्यांना केळीचे खुंट बांधतात, कोहळे फोडतात. काकांची पूजा त्याहून थोडी वेगळी असे. ताम्हनात पाना, पकड, कानस यांच्या शेजारी मोटारीच्या पोटातली किल्लीही असे. हळदकुंकू वाहून झाले की ते ती किल्ली घेऊन खाली उतरत, कुलपात तेलाचा एक थेंब सोडीत, दोनदा फिरवून पाहत आणि मग प्रसादाला बसत. आम्ही मुले त्यांना हसत असू. "बटणाने दार उघडते, मग हा खटाटोप कशाला?" असे विचारले की ते म्हणत, "जे हत्यार वर्षात एकदाही वापरले नाही, ते गरजेला हात देत नाही." पुण्याच्या दोन वर्षांतही त्यांनी हा नेम चुकविला नव्हता, हे आम्हाला त्या पहाटे काकूंकडून कळले. शेवटच्या खंडेनवमीला जिना उतरवेना, तेव्हा त्यांनी काकूंना खाली पाठवून गॅलरीतून एकेक कृती सांगितली होती.

दार उघडले तशी बॉनेटचा खटका हाती आला. तोवर समोरच्या घरातील गृहस्थ जागे झाले होते. त्यांनी आपली मोटार आमच्या मोटारीसमोर आणून उभी केली आणि ओळखीच्या एका मिस्त्रीला फोन केला. साडेसहाच्या सुमारास तो स्कूटरवरून तांबडी व काळी अशा दोन जाड तारा घेऊन आला. आमचे येणे कशासाठी आहे हे कळताच त्याने आधी चपला काढल्या, कलशाला हात जोडले, आणि मगच कामास लागला.

त्याने तारा लावण्याचा क्रम प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रथम दोन्ही मोटारींची इंजिने बंद. तांबडी तार आधी मेलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि तिचे दुसरे तोंड चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला. पण तिचे शेवटचे तोंड मात्र मेलेल्या बॅटरीला न लावता, इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगी आणि तो वायू यांची गाठ पडता कामा नये. शेजाऱ्यांनी आपले इंजिन सुरू करून काही मिनिटे चालू ठेवले.

वीज येताच आमच्या मोटारीने जो टाहो फोडला, त्याने अवघा आडरस्ता जागा झाला. दार बटणाने न उघडता किल्लीने उघडले गेले, तेव्हा कोणी चोर शिरला असावा, असा तिचा समज झाला होता! किल्ली स्टार्टरमध्ये फिरविताच मालक ओळखून ती गप्प झाली आणि इंजिन लागले. इतक्या दिवसांत काकूंच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू उमटले. "ह्यांचाच स्वभाव," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत. "अम्मा, आज नको," एवढेच म्हणाला. निघताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. श्रीरंगपट्टण येईपर्यंत इंजिन बंद करावयाचे नाही, म्हणजे वाटेत बॅटरी भरत राहील. आणि परत आल्यावर बॅटरी तपासून घ्यावयाची, कारण एकदा पुरती रिकामी झालेली शिसे-आम्लाची बॅटरी पूर्वीची ताकद क्वचितच परत मिळविते.

सात वाजता आम्ही निघालो. २०२३ साली खुला झालेला बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग रामनगरचे खडक, लाकडी खेळण्यांचे चन्नपट्टण आणि उसाच्या मळ्यांतील मंड्या या गावांना बाजूने वळसा घालतो. इंजिन बंद करावयाचे नसल्यामुळे थांबण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या आसनावर काकू कलशावर हात ठेवून बसल्या होत्या.

वाटेत मनात एकच विचार घोळत होता. बंगळूर हे विजेचे शहर. १९०२ साली शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर वीजकेंद्र सुरू झाले आणि तेथील वीज जवळजवळ दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींत गेली. ५ ऑगस्ट १९०५ रोजी त्याच विजेने बंगळूरचे रस्ते उजळले. हिंदुस्थानातील बहुतेक शहरे तेव्हा रॉकेलच्या कंदिलांवर होती. याच शहराने २००१ साली 'रेवा' ही विजेवर चालणारी छोटी मोटार रस्त्यावर आणली. आज येथील रस्त्यांवर अशा मोटारींची संख्या वाढत आहे, आणि पुष्कळांची समजूत अशी की त्यांची एवढी मोठी बॅटरी असताना दार अडकण्याची भीती नाही. वस्तुस्थिती तशी नाही. विजेच्या मोटारीतही कुलपे, दिवे आणि मोटारीचा मेंदू यांना वीज पुरविण्यास बहुधा १२ व्होल्टची लहान बॅटरी निराळी असते. ती मेली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही दार उघडत नाही. थोरल्याच्या घरची किल्ली धाकट्याच्या कनवटीला असावी, तसा तो प्रकार आहे.

म्हणून ज्यांच्या घरी मोटार आहे अशा वाचकांना एक विनंती. आज सायंकाळीच किल्लीची मूठ उघडून आतली धातूची किल्ली पाहून ठेवा. दारावरचे तिचे भोक शोधा. ते बहुधा चालकाच्या दाराशी, कधी टोपणाखाली दडलेले असते. सापडले नाही तर मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ते दाखविलेले असते. काही मोटारींत रीत निराळी असते, तीही त्याच पुस्तिकेत कळेल. वर्षातून एकदोनदा ते कुलूप किल्लीने उघडून पाहा. आणि हे ज्ञान मोटार चालविणाऱ्यापुरते ठेवू नका. घरातील प्रत्येकाला दाखवा. बंद मोटारीत कोणी असेल तर आतून बहुतेक दारे मुठीने, विजेवाचून उघडतात. मात्र मागच्या दारांचे मुलांसाठी असलेले कुलूप लावलेले असेल तर ती आतून उघडत नाहीत. उन्हात बंद मोटारीत मूल अडकले, तर मात्र किल्लीची वाट पाहत बसू नये. ११२ या क्रमांकावर मदत मागावी, आणि मुलापासून दूरची बाजूची काच कोपऱ्यावर घाव घालून फोडावी; समोरची काच पदरी असते, ती सहजी फुटत नाही. काच नवी मिळते.

पावणेदहाला आम्ही पश्चिमवाहिनीला पोहोचलो. येथे कावेरीचा एक ओघ आपली पूर्वेची वाट सोडून थोडा पश्चिमेकडे वळतो, म्हणून या जागेचे माहात्म्य. १९४८ साली महात्माजींच्या अस्थींचा एक अंश येथेही विसर्जित झाला होता. गुरुजी वाट पाहत होते. विधी यथासांग पार पडले. चुलतभावाने कमरेएवढ्या पाण्यात उतरून कलश वाकविला. क्षणभर पाणी पांढुरके झाले आणि मग नेहमीसारखे वाहू लागले.

काकू पायरीवर बसून ते पाहत होत्या. मी त्यांना म्हणालो, "काकू, हेच पाणी पुढे शिवनसमुद्राच्या धबधब्यावर जाते." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी ते वीजघर दाखवायला नेले होते. दिवसभर चाकांविषयीच बोलत होते." त्यांनी डोळे पुसले.

परतताना बॅटरी बदलून घेतली. त्यानंतरच्या खंडेनवमीला पुण्याच्या घरी मी मुद्दाम गेलो. वर्षाच्या आत सण नसतो, म्हणून फुले नव्हती, गोडधोड नव्हते. पण सायंकाळी चुलतभाऊ तेलाची बुधली घेऊन खाली उतरला. बरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी होती. खटका सरकवून पोटातली किल्ली तिनेच काढली, टोपणाची फट तिनेच शोधली. कुलूप दोनदा फिरवून झाल्यावर तिने वर गॅलरीकडे पाहिले.

"फिरते का गं?" काकूंनी वरून विचारले.

"फिरते, आजी," ती म्हणाली.